दोघांत एक तोटी

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी आंघोळ झाल्यावर, देवापुढे बसायच्या आधी, मी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं, टॉर्च साबणाच्या कोनाड्यात उभा केला आणि आरशासमोर तोंड वासून बघितलं. उजव्या गालाच्या आत, दाढेच्या जरा पुढे, पांढरट ठिपका आहे. सपाट नाही, उंचवटा आहे. जिभेला खरखरीत लागतो. गेले दहा-बारा दिवस जीभ आपोआप तिथे जाऊन बसते.

नीट दिसावं म्हणून आ केला तर आवाजही निघाला. बाहेरून हिने विचारलं, आत गाण्याचा क्लास काढलाय का. म्हटलं, दात घासतोय. ती म्हणाली, ब्रश तर इथे बाहेर आहे.

देवापुढे बसलो पण मन जिभेबरोबर गालात होतं. क्षमा मागितली.

संध्याकाळी वर्कशॉपमधून व्हर्निअर कॅलिपर घरी आणला. धुऊन घेतला. ठिपका साडेतीन मिलिमीटर. आमच्या धंद्यात साडेतीन मिलिमीटरला कुणी मोठं म्हणत नाही.

निश्चय: घाबरायचं नाही.

७ जानेवारी

घाबरलो. लांब्यामुळे.

लांब्या म्हणजे माझा जोडीदार. माझ्यापेक्षा एक वीत उंच, म्हणून लांब्या. मी बर्नर पेटवण्याआधी हात जोडतो, म्हणून तो मला महाराज म्हणतो. आम्ही प्रयोगशाळांची काच करतो. फ्लास्क, कंडेन्सर, असलं सगळं. लेथवर काच फिरते, खालून ज्योत, आणि काच मऊ झाली की रबरी नळीतून फुंकून तिला आकार द्यायचा. नळीच्या टोकाला बोटभर लांबीची काचेची तोटी, ती तोंडात धरायची. लेथ एक, माणसं दोन, तोटी एक. मोठ्या फ्लास्कला एकाचा दम पुरत नाही. माझा श्वास संपत आला की मी मान वळवतो, लांब्या माझ्या तोंडातली तोटी आपल्या तोंडात घेतो. पुसत बसायला वेळ नसतो. काच थांबत नाही. बावीस वर्षं असंच चाललंय.

आज त्याने अशीच तोटी घेतली. बावीस वर्षांत प्रथमच मी त्या तोटीकडे तोटी म्हणून बघितलं. ओली होती.

उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. एक घाव दोन तुकडे.

८ जानेवारी, बुधवार

गेलो. डॉक्टर तरुण मुलगी आहे. आम्हाला मुलगी असती तर एवढीच असती. आरसा फिरवून बराच वेळ बघितलं. म्हणाली, घाबरायचं कारण दिसत नाही काका, बहुतेक विषाणूमुळे येणारा चामखिळीसारखा प्रकार आहे, पण असं नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. तीळभर तुकडा काढून टेस्टला पाठवू. सुन्न करायचं इंजेक्शन देते, चार मिनिटांचं काम.

मग विचारलं, तोंडात घालायची एखादी वस्तू कुणाबरोबर वाटून वापरता का. म्हटलं, घरी बायको आणि मी, आणि कप धुतलेले असतात. कामधंदा काय, विचारलं. म्हटलं, काचेचा. ती म्हणाली, अरे वा, आमच्या या खिडकीची काच तडकलीय, बघता का. म्हटलं, बघू.

यात मी एकही शब्द खोटा बोललेलो नाही.

त्यानंतर तिने आवाज खाली आणून आणखी दोन प्रश्न विचारले. ते इथे लिहिणार नाही. दोन्हींचं उत्तर नाही असं दिलं. तरी कानशिलं तापली. असले प्रश्न पडावेत असं माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल?

तुकडा आज नको म्हटलं, जेवून आलोय. ती म्हणाली, उपाशीपोटी यायची गरज नसते. तिला काय कळतंय. शिस्त ती शिस्त. आठवडाभरात येतो असा शब्द दिला आहे.

१० जानेवारी

मार्ग सापडला. जेवणाच्या सुट्टीत स्वतःसाठी वेगळी तोटी बनवली, तिला निळी चिकटपट्टी गुंडाळली. आता टेस्ट होईपर्यंत कुणाला काही सांगायची गरजच नाही. उगीच एखाद्याला घोर लावणं हीही हिंसाच.

लांब्याने निळी तोटी बघितली. म्हणाला, काय रे महाराज, माझं उष्टं चालेनासं झालं का तुला? म्हटलं, दातांच्या डॉक्टरने सांगितलंय, फटीत हवा जाते. तो म्हणाला, तुझ्या फटीत बावीस वर्षं हवाच भरलीय, आता काय नवीन. हसला. मीही हसलो. पण नंतर चहाला तो एकटाच गेला.

१२ जानेवारी, रविवार

साडेतीन मिलिमीटर. म्हणजे वाढ थांबली. बहुधा मीठ-पाण्याचा गुण. दिवसातून सहा वेळा गुळण्या करतो.

घरीही दक्षता घेतो आहे. माझा कप वेगळा, टॉवेल वेगळा, पाण्याचा तांब्या वेगळा. हिने तीन दिवस बघितलं. आज म्हणाली, कप वेगळा, टॉवेल वेगळा, एकदा घरच वेगळं घ्या ना, मी येत जाईन अधूनमधून. म्हटलं, स्वच्छतेविषयी एक लेख वाचला. कुठला लेख, दाखवा, म्हणाली. रद्दीत गेला म्हटलं.

हे मात्र खोटं झालं. संध्याकाळी देवापुढे पाच मिनिटं जास्त बसून फेडलं.

१४ जानेवारी

वाईट दिवस.

कॉलेजची ऑर्डर आहे, दहा लिटरचे सहा फ्लास्क. पहिल्यावर होतो. काच नारिंगी झाली, फुगायला लागली, लांब्याचा दम संपला, त्याने मान वळवली. मी त्याची तोटी नळीतून काढून माझी निळी बसवायला गेलो. दोन सेकंद. फार तर तीन. तेवढ्यात फ्लास्क एका बाजूने बसला, डोकं ठेवून उठल्यावर उशी बसते तसा. घाईघाईत जोरात फुंकलं. माझ्या तोटीचं भोक बारीक, हवा आधी पोचेना, मग एकदम पोचली. दुसऱ्या बाजूने टेंगूळ आलं.

लांब्याने बर्नर बंद केला. म्हणाला, काचेला सांगून ठेवत जा महाराज, बाई थांब, आमचं सोवळं बदलायचंय.

मालक आले, बघितलं, काही न बोलता गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

निळी तोटी ड्रॉवरमध्ये ठेवली. उद्यापासून पहिल्यासारखी एकच. फक्त मी ती डाव्या कोपऱ्यात धरेन. ठिपका उजवीकडे आहे. मधे अख्खी जीभ आडवी आहे.

१५ जानेवारी

आठवडा आज संपला. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण सहाही फ्लास्क बाकी आहेत आणि तोंड सुजलं तर लांब्याचा खोळंबा होईल. दुसऱ्याचा विचार आधी करावा असं आम्हाला गावच्या शाळेत शिकवलं आहे.

१९ जानेवारी, रविवार

मौन धरायचं ठरवलं. सात दिवस. तोंडाला विश्रांती, मनाला शांती, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यावं लागत नाही. हिला पाटीवर लिहून कळवलं. तिने वाचलं, म्हणाली, छान, मग आज मी बोलते. आणि दोन तास बोलली.

२० जानेवारी

मौन साडेनऊला मोडलं. गॅसवाला सिलिंडर उलटा ठेवत होता.

लांब्याच्या मुलीला मुलगा झाला. ती बाळंतपणाला त्याच्याकडेच आली आहे. लांब्या वर्कशॉपभर नाचत होता. मला मिठी मारली, म्हणाला, महाराज, तूही आजोबा झालास. आम्हाला मूल नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच म्हणाला. डोळे भरून आले. मान खाली घालून ज्योत बारीक केली.

२४ जानेवारी

लांब्या दिवसभर बाळाविषयी सांगतो. एवढंसं तोंड आहे म्हणे, मुठी घट्ट. कामावरून गेला की आधी उचलून घेतो आणि पापे घेत सुटतो. बायको ओरडते तरी.

मी म्हटलं, लहान बाळांचे पापे घेऊ नयेत, आरोग्याला बरं नसतं. तो म्हणाला, तुझ्या त्या लेखात होतं का हेही? हिने त्याच्या बायकोला फोनवर लेखाचं सांगितलेलं दिसतं. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

पण मी माझं कर्तव्य केलं. सावध केलं आहे.

२७ जानेवारी



दुपारी चहा पिताना लांब्याने ओठ खाली ओढून दाखवला. म्हणाला, बघ रे जरा, आत काय आलंय, टोचतंय चार दिवस. बघितलं. खालच्या ओठाच्या आत, एका बाजूला, पांढरा डाग. माझ्यासारखाच का, ते कळेना. माझा मी आरशात उलटा बघतो, त्याचा समोरून. पांढरा होता एवढं खरं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. चहाचा ग्लास हातात होता, बर्नर बंद होते, आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी म्हटलं, उष्णता झाली असेल. मीठ-पाण्याने गुळण्या कर.

तो म्हणाला, तू म्हणतोस तर करतो. लगेच उठून मीठ शोधायला गेला.

रात्रीचं जेवण गेलं नाही. कॅलिपरने चार मिलिमीटर दाखवले. कॅलिपर जुना झालाय.

२८ जानेवारी

लांब्याला उद्या सांगणार. नक्की. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, म्हणजे अडखळायला नको. दीड पान झालं. सुरुवात देवाच्या इच्छेपासून केली आहे, ठिपका दुसऱ्या पानावर येतो.

२९ जानेवारी

कागद घरी राहिला.

३० जानेवारी

कागद नेला. लांब्या रजेवर. बाळाला डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोनदा विचारून घेतलं, नुसतं वजन करायला नेलं होतं असं कळलं. देवाचे आभार मानले. हा एक संकेतच. घाई करू नये.

३ फेब्रुवारी

लांब्या मीठ-पाण्याने गुळण्या करतो आहे, दिवसातून चार वेळा, वर्कशॉपच्या मागच्या नळावर. प्रत्येक वेळी येऊन सांगतो, झाल्या रे महाराज. मी मान हलवतो.

ठरलं. आधी माझी टेस्ट. काही नाही असं निघालं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. सरळ हिशेब आहे. हा मार्ग इतके दिवस सुचला कसा नाही?

५ फेब्रुवारी

टेस्टला गेलो. उपाशीपोटी.

खुर्चीपर्यंत पोचलोही. पण तिने ट्रेमध्ये चिमटा ठेवला त्याचा आवाज झाला आणि माझ्या तोंडून निघालं, आधी ती खिडकी बघतो. तडा खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत गेला होता, कधीही अंगावर आली असती. पेशंटच्या जिवाचा प्रश्न. माप घेतलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून काच कापून आणली, कडांना लांबीचा लगदा भरून बसवली. खिडकीचं काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही, पण झालं बऱ्यापैकी. पाऊण तास गेला. ती म्हणाली, काका, फार छान, आता बसा. म्हटलं, लांबी वाळेपर्यंत खोलीत हालचाल नको.

आणि आलो.

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच बसलो. समोरून लोक येत-जात होते. प्रत्येकाला तोंड होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवून पडलो होतो. उठलो तर ही शेजारी बसलेली, हातात टॉर्च. म्हणाली, मोठा झालाय.

मी म्हटलं, काय. ती म्हणाली, गालातलं ते. तुम्ही झोपलात की तोंड वासूनच झोपता. पहिल्याच आठवड्यात बघितलं मी. दर रविवारी बघते.

विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. कप वेगळा केलात तेव्हा कळलंच होतं, माझ्यासाठी काळजी घेताय म्हणून. वाईट वाटलं, पण थांबले.

मग टॉर्च बंद केला आणि म्हणाली, माझं राहू द्या. त्या घरात तान्हं बाळ आहे, तुम्ही दोघं एका तोटीने फुंकता. त्याला सांगितलंत?

म्हटलं, सांगणारच आहे. कागद तयार आहे.

ती उठून आत गेली. भांडी घासायचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

१० फेब्रुवारी

लांब्या उशिरा आला, लवकर गेला. जमलं नाही.

११ फेब्रुवारी

मालक दिवसभर जवळ उभे.

१२ फेब्रुवारी

ही म्हणाली, बाळ बघायला जायचं. गेलो. झबल्याचं कापड नेलं. लांब्याने बाळ आणून माझ्यासमोर धरलं, म्हणाला, घे रे आजोबा. मी हात मागे घेतले. म्हटलं, हात खराब आहेत. तो म्हणाला, धू मग, नळ तिथे आहे. म्हटलं, नको, पुन्हा कधी.

त्याच्या बायकोचा चेहरा पडला. लांब्या हसून म्हणाला, आमचं उष्टं चालत नाही महाराजांना, आता आमचं बाळही चालेना. आणि बाळाच्या गालावर ओठ टेकवले.

परत येताना ही चार पावलं पुढे चालत होती. मीच म्हटलं, बाळ गोड आहे. ती म्हणाली, हो.

१३ फेब्रुवारी

आज देवापुढे काही मागितलं नाही. काही सांगितलंही नाही. बसून राहिलो. इतके दिवस मी त्याला रोज सगळं सांगत होतो, त्यामुळे कुणाला तरी सांगितलं असं वाटत होतं.

कागद फाडला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी लांब्या लेथ पुसत होता. मी बर्नर पेटवला नाही. म्हटलं, माझ्या गालात एक गाठ आहे. डॉक्टर म्हणते विषाणूची असू शकेल, तोंडातून तोंडात जाऊ शकते. टेस्ट करायला सांगितलंय, मी केलेली नाही. तुझ्या ओठाचं त्यातलंच असेल. बाळाचे पापे घेऊ नकोस.

एवढंच. दीड पानातलं एवढंच उरलं.

लांब्याने फडकं खाली ठेवलं. कधीपासून, विचारलं. नव्या वर्षाच्या आधीपासून, म्हटलं. तो तोटीकडे बघत होता. मग म्हणाला, चल.

सुट्टी न मागताच निघालो. दवाखान्यात तो आधी खुर्चीत बसला. तिने ओठ उलटून बघितला, हसली, म्हणाली, खालचा दात तुटलाय काका, त्याची धार लागतेय. जखम आहे साधी. दात घासून गुळगुळीत करून दिला, पाच मिनिटांत. आठवड्यात भरेल म्हणाली, नाही भरली तर या.

लांब्या उठला. मला वाटलं आता चिडवेल. दारापाशी थांबून म्हणाला, रोगाचं काही नाही रे. कुणालाही होतो. मी तुला विचारलं, तेव्हा तू मला मीठ-पाणी सांगितलंस. ते लागलं.

थांबतोस का, मी विचारलं. नाही म्हणाला. मालकांना सांगून दुसरी नळी जोडून घेतो, म्हणाला. महाराज म्हणाला नाही.

मी खुर्चीत बसलो. तिने हातमोजे चढवले. मी सांगितलं, माझं काम खिडक्यांचं नाही, आम्ही काच फुंकतो, दोघांत एक तोटी असते. तिचे हात थांबले. म्हणाली, मग रिपोर्टची वाट बघू नका काका, त्या जोडीदाराला आधी सांगा.

म्हटलं, सांगितलं. आत्ता गेला तोच.

कधी सांगितलंत?

आज सकाळी.

तिने माझा केसपेपर उलटून पहिल्या भेटीची तारीख बघितली. बोटांवर मोजलं. अडतीस दिवस. मग दिवा माझ्या तोंडावर वळवला.

मी तोंड उघडलं. चार मिनिटं लागली.